पाच वेढे घेऊन बंगळूरला

सन १९८३. मला तेव्हा चौसष्टावं लागलं होतं. तोवर खाली निपाणी आणि वर पुणं, एवढंच जग मी बघितलेलं. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा गुरुजी कंटाळले म्हणून सुटली. पण कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दुकान होतं, दुकानावर पाटी होती आणि पाटीवर माझं नाव होतं, पुढं 'मिस्त्री' लावून. शेतावरच्या पंपाची जळालेली मोटार असो नाहीतर स्टार्टरची कॉईल असो, घेऊन या, तांब्याची नवी तार भरून देणार. उसाला पाणी पाजणाऱ्या निम्म्या करवीर तालुक्यानं माझ्या दुकानाची पायरी चढलेली आहे. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. फुशारकी पुढं येणारच आहे.

आमच्या आळीतल्या बायका अजून विचारतात, "मिस्त्री, बंगळूरला नेमकं झालं तरी काय?" सूनबाई सांगत नाही, नुसती हसते. म्हणून मीच वही घेऊन बसलो. यातल्या बऱ्याच जणी पन्हाळ्याच्या पलीकडं गेलेल्या नाहीत. त्यांनी वाचून घ्यावं, नाहीतर कुणाकडून वाचवून घ्यावं.

आधी काम गेलं कसं ते सांगतो. सन साठ-पासष्टच्या सुमाराला मी रेडिओच्या कारखान्यांना ट्रान्सफॉर्मर भरून देत होतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे खांबावरचा नव्हे. रेडिओच्या पोटात मुठीएवढा लोखंडी पत्र्यांचा ठोकळा असतो आणि त्याच्या मधल्या रिळावर बारीक तारेचे वेढे असतात. भिंतीतली दांडगी वीज त्यातून गेली की रेडिओला सोसेल एवढी होऊन बाहेर पडते. आठ बायका माझ्या हाताखाली वेढे भरत होत्या. मग बाहेरच्या देशांतून तयार भाग खोक्यांतून यायला लागले. आपल्या कारखान्यांत नुसते स्क्रू आवळायचे आणि वर आपली चिठ्ठी डकवायची. माझं काम एका पत्रानं बंद झालं. बायका कुणी विड्या वळायला गेल्या, कुणी भांडी घासायला. मी मोटारींवर भागवलं, पण ते पत्र गिळलं नाही.

माझा मुलगा वारणानगरला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याची बायको कुसुम. माहेर गडहिंग्लज, दहावी पास, कानडी बोलते, इंग्रजी वाचते. तिनंच पेपरातली जाहिरात दाखवली. टेपरेकॉर्डर करणारी बंगळूरची एक कंपनी ट्रान्सफॉर्मर आजवर बाहेरून आणत होती, आता देशातच करून घेणार होती. पत्र तिनंच लिहिलं. उत्तर आलं: पंचवीस नमुने घेऊन या. सोबत कागद: आतली तार अमुक वेढे, वरची तार शंभर वेढे, बाहेर बारा व्होल्ट. वार्निश लावू नका, उघडून बघायचं आहे.

मी चहाच्या गाड्यावर जाहीर करून टाकलं, "गेलेलं काम परत आणतो. न्हाय आणलं तर पाटी उतरवतो." गाडेवाला म्हणाला, "मिस्त्री, पाटी उतरवाय शिडी माझी न्या." अकरा बायका गोळा केल्या, त्यातल्या तीन जुन्या. कुसुमनं दुकानामागची खोली झाडून त्यांना बसवलं.

आणि इथं ते पाच वेढे आले. माझे उस्ताद बाबालाल मिस्त्री. कुठलीही गुंडाळी सुरू करताना ते पहिले पाच वेढे पिराच्या नावानं द्यायचे आणि मग एकपासून मोजायचे. मी तेच शिकलो, फक्त पिराच्या जागी अंबाबाई. तांब्याला दोन्ही सारखीच. चाळीस वर्षांत एक कॉईल त्याशिवाय भरली नाही. स्टार्टरच्या कॉईलला काय, जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला काय, हजारांनी वेढे असतात, त्यात पाच म्हणजे दुधाच्या घागरीत पाच थेंब. बायकांनाही मी तसंच शिकवलं.

कुसुम म्हणाली, "मामंजी, वरची तार नुसती शंभर वेढ्यांची हाय. त्यात पाच जादा झालं तर दिसंल की."

"दिसू दे. देवाचं हाय."

"मग देवाचं पाच धरूनच शंभर करूया की."

"नैवेद्य काय आपल्या जेवणात धरत्यात व्हय गं? गप बस. चाळीस वर्षं भरतोय मी."

ती गप बसली. पंचवीस ट्रान्सफॉर्मर झाले. मी फळीची पेटी केली, धक्का लागू नये म्हणून गुऱ्हाळावरनं वाळलेलं चिपाड आणून आत भरलं आणि माघातल्या एका सोमवारी मी आणि कुसुम दोघं निघालो.

गडहिंग्लज

पहिला मुक्काम व्याह्यांकडं. गडहिंग्लज म्हणजे आपलंच, पण कानाला पुढच्या मुलखाची चाहूल लागते. कुसुम एस.टी.तनं उतरली आणि तिची बोलीच बदलली. घरात शिरताना "अव्वा!" अशी हाक मारली आणि आईच्या गळ्यात पडली. आमच्या घरी पदर सावरून हळू बोलणारी ही पोरगी इथं एवढ्या मोठ्यानं हसते, हे मला तिच्या लग्नाला चार वर्षं झाल्यावर कळलं.

व्याही पेटीकडं बघून म्हणाले, "पावणं, गुळाची ढेप आणलीसा काय?"

"टेपरेकॉर्डरचं काळीज हाय."

"अस्सं!" त्यांनी फळीवरचा रेडिओ खाली घेतला. त्याला क्रोशाचं झाकण, वर परत टॉवेल. "ह्यो बघा. जपानी. आमच्या मेहुण्यानं आणलाय. कान पिळला की बोलतोय. आपल्याकडं असलं कोण करणार वो?"

"त्येच कराय चाललोय."

"तुमी?" एवढंच म्हणाले आणि टॉवेल परत पांघरला. व्याही म्हणून मी सोडून दिलं.

जेवण मात्र फर्मास. ज्वारीची भाकरी आमच्याहून पातळ, शेंगदाण्याची चटणी तेल सुटलेली, पावट्याची आमटी. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह तोंडानं करतात, इथं हातानं करतात. नको म्हणेपर्यंत भाकरी ताटात. मी चार खाल्ल्या.

हात धुताना चुलीपाशी मायलेकी कानडीत बोलत होत्या. मला दोनच शब्द कळले, 'ऐदु' आणि 'देवरु'. ऐदु म्हणजे पाच, देवरु म्हणजे देव. आई काहीतरी विचारत होती आणि कुसुम मान हलवत होती. मी हात दोनदा धुतले. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

हुबळी

दुसऱ्या दिवशी संकेश्वरवरनं हुबळी. तिथल्या खानावळीत कडक जोळद रोटी, म्हणजे ज्वारीचीच भाकरी, खाल्ली. आपली भाकरी मऊ, ही पापडासारखी मोडते. सोबत भरलं वांगं. वांग्याच्या बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. तिखटात मात्र कमी. मी घरनं आणलेला हिरव्या मिरचीचा खर्डा काढला, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसानं खुणेनं मागितला. चाखला. डोळ्यांत पाणी आलं, पण परत मागितला. माणूस भला.

घोटाळा झाला तो बसपाशी. बंगळूरच्या गाडीचा कंडक्टर पेटी टपावर टाका म्हणाला. मी म्हटलं, टपावर जाणार नाही. तो कानडीत ओरडला, मी मराठीत ओरडलो. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी भांडण नीट चाललं होतं. शेवटी मी पेटीवरच बसलो. "पेटी वर, तर मीबी वर!"

कुसुम पुढं झाली, कंडक्टरला हळू काहीतरी म्हणाली. त्याचा चेहरा पालटला. त्यानं स्वतः पेटी उचलून ड्रायव्हरच्या मागं, चांगल्या जागी ठेवली आणि चप्पल काढून पाया पडला. बघता बघता गाडीभर कुजबुज. एक म्हातारी उठली, अंबाड्यातल्या मोगऱ्याच्या गजऱ्याचा तुकडा काढून पेटीच्या फटीत खोचला आणि गालावर मारून घेतलं.

गाडी सुटल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस गं त्यास्नी?"

"पेटीत देव हाय म्हणलं."

"देवाच्या नावानं खोटं बोललीस?"

"खोटं कुठं, मामंजी? पंचवीस नगांत पाच-पाच वेढं हायती की."

मी खिडकीकडं तोंड केलं. अशी सून असावी की नसावी, हे मला त्या गाडीत ठरवता आलं नाही.

बंगळूर

उजाडताना उतरलो. गारठा आपल्या पन्हाळ्यासारखा, पण धुळीचं नाव नाही. रस्त्याकडेला झाडं, आणि बायका एवढ्या सकाळी डोक्यात फुलं माळून कामाला निघालेल्या. आमच्याकडं सकाळच्या पाळीची बाई धावते, इथली चालते. चहा मागितला तर कॉफी आली, स्टीलच्या पेल्यात, खाली वाटी. वाटीत ओतून, परत पेल्यात ओतून ते लोक तिला झुलवतात. मी झुलवायला गेलो आणि धोतरावर सांडली. चव मात्र बरी. इडली म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं मी आजवर म्हणत आलो होतो, ते शब्द मागं घेतो. चार खाल्ल्या, खर्डा लावून.

कंपनी गावाबाहेर. आत जाताना पायातल्या वहाणा काढायला लावल्या. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. काम करायची जागा म्हणजे देऊळच. आतली फरशी अशी, की त्यात माझं तोंड दिसत होतं. लांबलचक टेबलं, टेबलांवर बायका, आणि प्रत्येकीसमोर उघडा टेपरेकॉर्डर. बोलणं नाही, नुसती चिमट्यांची टिकटिक.

तिथले इंजिनिअर मूर्तीसाहेब. चाळिशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात चार पेनं. तोडकं हिंदी बोलायचे, मीही तोडकंच बोलतो, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. त्यांनी आधी एक कुलूपबंद खोली उघडून दाखवली. आत तार भरायची सहा यंत्रं, वर कापडं, कापडांवर धूळ. अख्ख्या कारखान्यात धूळ तेवढीच. म्हणाले, दहा वर्षांपूर्वी सगळं इथंच करत होतो. मग वरच्यांनी ठरवलं, बाहेरचा माल बरा. आता जहाज आठ दिवस उशिरा आलं की या सगळ्या बायका हात बांधून बसतात. वरच्यांचं मन आता कुठं वळलंय. पण पहिलाच देशी माल नापास झाला, तर ते परत तिकडंच वळतील.

तोवर मी समजत होतो पाटी फक्त माझीच टांगलेली आहे.

तपासणीला सरोजम्मा नावाची बाई. पन्नाशीची, हिरवं लुगडं, जाड चष्मा. पूर्वी ती त्या कुलपाच्या खोलीत तार भरायची, हे मागनं कळलं. तिनं पेटीचं झाकण काढलं. आधी वाळका मोगरा निघाला. तो तिनं बाजूला ठेवला. मग चिपाडातनं मुंग्यांची रांग निघाली आणि त्या आरशासारख्या फरशीवरनं शिस्तीत चालायला लागली. वाळलं तरी उसाचंच चिपाड ते, त्यात गोडी राहणारच. हे कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्याकडं मुंगी नसलेली पेटीच नसते.

चार बायका झाडू घेऊन धावल्या. मूर्तीसाहेब चवड्यांवर उभे. मी हात जोडून म्हटलं, "साब, माल पसंत पड्या इनको."

सगळ्यात आधी सरोजम्मा हसली. मग साहेब.

मग मीटर आला. पहिला नग लावला. काटा बाराच्या पुढं गेला. बारा पूर्णांक सहा. सरोजम्मानं मान हलवली. दुसरा लावला, बारा पूर्णांक सहा. तिसरा, तेच. साहेबांच्या कपाळाला आठी. बाराच्या अलीकडं-पलीकडं दोन दशांश चालतात, त्याहून जास्त नाही.

मी म्हणालो, "मीटर बिघड्या है."

त्यांनी दुसरा मीटर आणला. बारा पूर्णांक सहा. मग खात्रीला बाहेरच्या देशातले चार नग लावले. एक अकरा पूर्णांक नऊ, एक बारा पूर्णांक एक, एक बारा, एक बारा पूर्णांक दोन. सगळे पास, पण चौघांची चार तोंडं. परत आमचे लावले. पंचवीसच्या पंचवीस, काटा त्याच रेघेवर, केसाएवढाही इकडं-तिकडं नाही.

सरोजम्मानं एक नग उघडला, तारेवरचा कागद काढला आणि वरची तार सोडवत मोजायला लागली. ओठ हलत होते. तिच्या मांडीवर तार साचत होती आणि मीही मनात तिच्याबरोबर मोजत होतो. शेवटी तिनं वर बघितलं. "ऐदु जास्ती."

'जास्ती' तिकडंही जास्तीच. भाषांतर लागलं नाही.

साहेबांनी कुसुमकडं बघून कागद पुढं केला. इथं तर शंभर लिहिलंय. मग असं कसं?

कुसुम पुढं झाली. मग म्हणाली, "माझी चूक, साहेब. मी वाचताना चुकले. बायकांना मीच एकशे पाच सांगितले."

ती हिंदीत बोलली, तेवढं मला कळत होतं. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला पेन काढलं. त्या पेनाचं टोक टेकायच्या आत मी बोललो.

"झूट बोलती है वो. वो पाच मेरे हैं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी उभा राहून सगळं सांगितलं. उस्ताद, पीर, अंबाबाई, स्टार्टरच्या कॉईली, चाळीस वर्षं. हिंदी संपलं तिथं मराठी बोललो, आणि ते कुसुमनं कानडीत सांगितलं. शेवटी मराठीतच म्हणालो, "हिनं मला सांगितलं हुतं. मीच हिला गप बसवलं." हे वाक्य बाहेर काढायला मला मोटार उचलण्याएवढं बळ लागलं. कुसुमनं ते कानडीत सांगितलंच नाही. तेवढं गाळलं.

साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. मग त्यांनी विचारलं, हे किती जणींनी भरलं? मी म्हटलं, अकरा. यंत्रावर? म्हटलं, हातानं फिरवायचं चाक आणि तोंडानं मोजणी. त्यांनी परत काट्याकडं बघितलं. "अकरा बायका, आणि सगळ्या अगदी पाचच चुकतात?"

"चुकतात नहीं. देते हैं."

ते हसले, पण म्हणाले, नियम म्हणजे नियम, असा माल घेता येत नाही. एक महिन्यानं नवे नमुने आणा.

"महिना कायको? चिमटा दो, कथिल दो. यहींच करता है."

ते म्हणाले, ठीक, संध्याकाळी मीटर परत लावू. आम्ही तिघं त्या कुलपाच्या खोलीत खाली मांडी घालून बसलो. मी, कुसुम आणि सरोजम्मा. तिनं यंत्रावरची कापडं काढून खिडकीबाहेर झटकली. चोवीस नग पुढ्यात. मी पहिला उचलला, कागद सोडवला, तारेचं टोक चिमट्यात धरलं. आणि हात थांबला.

चाळीस वर्षांत देवाला दिलेलं मी कधी परत घेतलं नव्हतं. हात पुढं जाईना. मागंही येईना. कुसुमला कळलं. तिनं आपला नगही खाली ठेवला.

सरोजम्मानं विचारलं, "काय झालं, अज्जा?" कुसुमनं सांगितलं. तिनं चष्म्यावरनं माझ्याकडं बघत एकच प्रश्न विचारला आणि कुसुमनं तो मला सांगितला. "देवाचे वेढे पहिले की शेवटचे?"

"पहिले. सगळ्यात आधी देवाचे."

"मग ते आत आहेत," सरोजम्मा म्हणाली. "तुमच्या हातात टोक आहे ते वरचं. आत कुठं हात घालायचाय?"

मी हातातल्या तारेकडं बघितलं. खरंच की. आतले पाच जिथं होते तिथंच राहणार. काढायचे ते वरचे, शेवटचे. अंबाबाईनं आपल्या पाचाच्या वर एक वेढा मागितला नव्हता. जास्ती झालेले माझे होते.

मी टोक ओढलं. एक, दोन, तीन, चार, पाच. तार तोडली, खरवडली, कथिलाचा डाग दिला. मग हात असा सुटला की सरोजम्माला मागं टाकलं. दुपारी तिनं डब्यातला दहीभात तिघांत वाटला. मी खर्डा वाटला. तिनं तो दह्यात कालवून खाल्ला आणि बोट वर करून एक नंबरची खूण केली. हा मान खर्ड्याला हुबळीच्या खानावळीतल्या माणसानंही दिला नव्हता. जेवताना ती कुसुमला जुन्या दिवसांचं सांगत होती. या खोलीत तेव्हा वीस जणी होत्या आणि काम करताना गायच्या. खोलीला कुलूप लागलं तेव्हा तिला तपासणीवर बसवलं. दहा वर्षं दुसऱ्यांनी भरलेली तार मोजते आहे, म्हणाली. आज पहिल्यांदा हाताला तार लागली.

चारच्या सुमाराला मीटर आला. पहिला नग, बारा. दुसरा, बारा. चोवीसच्या चोवीस, बारा. काटा जणू खिळ्यानं ठोकलेला. मूर्तीसाहेब पहिल्या नगापासून उभे होते, शेवटच्याला खुर्चीत बसले. बाहेरच्या देशातला एक नग घेऊन त्यांनी उगाच परत लावून बघितला आणि बाजूला ठेवला.

पाचशे नगांचं पहिलं काम लिहून मिळालं. कागदावर सही करताना साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, आता ते पाच बंद ना?"

मी म्हटलं, "देखेंगे."

कुसुमनं कपाळावर हात मारून घेतला, पण साहेबांच्या मागं, त्यांना दिसणार नाही असा.

निघताना सरोजम्मानं तो वाळका मोगरा परत रिकाम्या पेटीत ठेवला आणि मला सांगितलं, पुढच्या वेळी चिपाड नको, भुसा आणा.

परत

परतीच्या गाडीत पेटी टपावर गेली. कंडक्टर जातानाचाच होता. त्यानंच दोनदा विचारलं, नक्की ना?

कामाचा कागद मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला होता. दावणगेरेपाशी तो काढून कुसुमच्या हातात दिला. "तुझ्या पिशवीत ठेव. माझ्या घामानं भिजंल."

तिनं तो घडी न मोडता वहीत ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "मामंजी, तुमी तिथं बोलायचं न्हवतं. माझ्यावर गेलं असतं तर काय बिघडत होतं?"

"तुझ्यावर कसं जाईल? पाटीवर नाव कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मग."

तिनं वही पिशवीत सारली. मग म्हणाली, "आणि ते पाच?"

मी झोपलो. म्हणजे डोळे मिटले.

गडहिंग्लजला थांबलो नाही, पण संकेश्वरच्या स्टँडवर व्याही भेटायला आले होते, भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला. इंग्रजी त्यांनाही येत नाही, मलाही येत नाही. दोघांनी मिळून तो बराच वेळ वाचला. मग व्याही म्हणाले, "आमचा रेडिओ अलीकडं खरखर कराय लागलाय. एकदा येऊन बघा की."

"जपानी न्हवं त्यो?"

"म्हणूनच म्हणतोय, पावणं."

कोल्हापुरात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चहाच्या गाड्यावरनं हाक आली, "मिस्त्री, शिडी काढू काय?" मी म्हटलं, "काढ. पाटी पुसायची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या आधी दुकान उघडलं. अकरा जणी आल्या, आपापल्या चाकापाशी बसल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. कुसुम दाराशी उभी, हातात तो कंपनीचा कागद. मी कुणाला काही समजावत बसलो नाही. पहिल्या चाकावर स्वतः बसलो, रिकामं रीळ चढवलं, तारेचं टोक अडकवलं आणि डोळे मिटून पाच वेढे मुकाट्यानं दिले.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "सहा."